बाळाच्या तोंडात थर्माकोल

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीत एका अकरा महिन्यांच्या बाळाचं बोरन्हाण होतं. म्हणजे लहान बाळाला संक्रांतीच्या काटेरी साखर-हलव्याचे दागिने घालतात आणि सुपातून डोक्यावर बोरं-चुरमुरे ओततात, तो सोहळा. काळं झबलं, डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, हातात बासरी. पाटावर बसवल्याबरोबर बाळाने हार ओढला आणि तोंडात घातला. आजी कौतुकाने म्हणाल्या, "खाऊ दे गं, हलवाच आहे." तो हलवा नव्हता, थर्माकोलचे गोळे होते. आईने तोंडात बोट घालून दोन गोळे बाहेर काढले. आणि मग फोटो पुढे सुरू!

मंडळी, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात. त्यामागे कोणी करिदिनाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट सांगतं, कोणी कृष्णाची. पण त्या सुपात काय असतं ते बघा: बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या आणि हलवा. चुरमुरे सोडले तर त्या दिवसांत शेतात आणि घरात जे असतं तेच. आणि सगळं खायचं. दागिनेसुद्धा. म्हणून तर ते साखरेचे असतात! बाळाच्या अंगावर काहीही घातलं तरी ते तोंडात जाणार, हे पूर्वीच्या बायकांना पक्कं माहीत होतं.

थर्माकोल का आलं, तेही सांगते. त्यातून सुई आरपार जाते आणि हार झटपट ओवून होतो. खऱ्या हलव्याला भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की दाणा फुटतो. त्यामुळे पांढरा दुहेरी दोरा घेऊन प्रत्येक दाण्याभोवती फास टाकायचा आणि गाठ मारायची. गाठ टिकते ती दाण्यावरच्या साखरेच्या काट्यांमुळे, दोरा काट्यांच्या मधे रुतून बसतो. गुळगुळीत दाणा फासातून सटकतो. काटा दिसायला सुंदर आहेच, पण दागिना त्याच्यावरच उभा असतो. एका हारामागे काही तास जातात आणि त्या तासांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. हे विकणाऱ्यावर ढकलून चालणार नाही.

आणि तो काटा येतो कसा? १ वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते, ती काढून टाकायची. एकतारीच्या जरा अलीकडे पाक थांबवायचा आणि गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, नाहीतर मधेच साखर धरतो. २ चमचे पांढरे तीळ चाळून, धूळ काढून परातीत घ्यायचे. परात थेट आचेवर नको, खाली तवा ठेवायचा. परातीला हात लावला तर सोसवेल इतकीच ऊब हवी.

मग अर्धा चमचा पाक, आणि बोटांच्या पेरांनी हलकं हलकं फिरवत राहायचं. दाणे सुटे होऊन कोरडे झाले की पुन्हा अर्धा चमचा. कालथा लावायचा नाही, काटे मोडतात. पहिल्या वीस-पंचवीस वेळा तीळ नुसते पांढरे होतात, तिथेच निम्मे लोक सोडून देतात. सोडू नका! दाण्यावर जिथे जरा उंचवटा आला असेल तिथे पुढचा पाक आधी चिकटतो, तिथेच सुकतो आणि उंचवटा वाढत जातो. तोच काटा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते. पाक जास्त ओतला तर आधीचा थर विरघळतो आणि चार-चार दाण्यांचे गठ्ठे होतात. तिसरं कोणी सांगत नाही: परातीच्या तळाशी साखरेची पिठी साठते, ती तासाभराने चाळून काढली नाही तर काट्यांच्या मधल्या जागा भरून जातात आणि दाणा बोथट होतो. ती पिठी फेकायची नाही, परत पाकात जाते. एका बैठकीत हे होत नाही. रोज दोन तास धरले तर तीन-चार दिवस. थंडी आणि कोरडी हवा लागतेच, दमट हवेत थर सुकत नाही. म्हणून हा पदार्थ याच दिवसांचा. अमेरिकेतल्या मैत्रिणींनो, हीटरने कोरड्या झालेल्या तुमच्या घरात तो आमच्या मुंबईपेक्षा बरा जमेल. तयार हलवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढला की पाणी सुटतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या बाळाची आई डोळ्यांसमोर येते आहे. नोकरी करून, रजा टाकून, चंद्रकळा नेसून तिने सगळं हौसेने मांडलं होतं. दागिने विकणाऱ्याने तिला "पुढच्या वर्षीही वापरता येतील" एवढंच सांगितलं होतं. गोळे बाहेर काढताना तिचा हात थरथरत होता, ते मी पाहिलं. तिला हे सांगायला कोण होतं? आम्ही सगळ्या जणी फोटोत उभ्या होतो.

हो, इतक्या लहान बाळाला साखर द्यायची नाही असं डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबर आहे. हलव्याचा दाणाही घशात अडकू शकतो. म्हणजे आजींचं "खाऊ दे" तसंही चुकलंच. मग वर्षाच्या आतल्या बाळाला खसखशीच्या बारीक हलव्याचा एकच हार घाला, तोही झबल्यावर पाठीमागे टाचून, आणि पाच मिनिटांत काढा. शेंगदाण्याचा, काजूचा हलवा त्याच्या अंगावर नकोच. दागिने नंतर मोठ्या मुलांनी तोडून खायचे.

आणि सुपाबद्दल. आज त्यात चॉकलेटं होती, कडक गोळ्या होत्या आणि ती मोठाली ॲपल बोरं! एक बोर बाळाच्या कपाळावर आपटलं. बाळ आधी थर्माकोलमुळे रडत होतं, मग बोरामुळे. बारा-पंधरा मुलांना अर्धा किलो चुरमुरे पुरतात. त्यात पाव किलो लहान गावठी बोरं, वाटीभर घाटे, वाटीभर शेंगा. करवे बोटाच्या पेराएवढे बारीक करा आणि ते डोक्यावरून न ओतता बाजूला पाटाभोवती टाका. बोरं आदल्या दिवशी धुऊन पुसून ठेवा, भोक दिसलं की बाजूला काढा, आत अळी असते. ओतायला लहान वाटी घ्या, डोक्याच्या जरा मागून, चुरमुऱ्यांचा जास्त भरणा ठेवून. सूप उपडं करायचं नाही.

रथसप्तमी अजून आठवड्यावर आहे. ज्यांच्या घरी बोरन्हाण व्हायचं आहे त्यांनी घरातल्या दागिन्याचा एक गोळा आत्ता उचलून पाण्यात टाकून बघा. हलवा तळाशी बसेल आणि विरघळायला लागेल. तरंगला, तर तो हार बाळाच्या गळ्यात घालू नका. आजच्या त्या आईला मी उद्या सकाळी फोन करणार आहे. परात माझ्याकडे आहे, तीळही आहेत.