एक स्टारवाल्या रिव्ह्यूला जिमकडून उत्तर

नमस्कार दादा, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. मंगळवारी ऑफिसचा जिना कठडा धरून एकेक पायरी आडवं होऊन उतरावा लागला असं लिहिलंय तुम्ही, वाचून वाईट वाटलं. पण "ट्रेनरने पहिल्याच दिवशी मांड्यांची वाट लावली, कूलडाऊन नीट करवलं नाही म्हणून लॅक्टिक ॲसिड साठलं, फी परत करा" हे मला अजिबात पटलं नाही, आणि आपल्या राजेंद्र नगरची माणसं ॲडमिशन घ्यायच्या आधी हेच वाचतात म्हणून इथेच लिहितोय.

शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडून फक्त छाती आणि खांदे करवले होते, पायांचं एकही मशीन नाही. तुमचं कार्ड काउंटरवर आहे, त्यावर ट्रेनरच्या अक्षरात "चेस्ट, शोल्डर, हलकं वजन" लिहिलंय, कधीही या आणि बघा. त्याचं दुखलं असतं तर छाती-खांदे दुखले असते ना, मांड्या कशा दुखतील? रविवारी सकाळी तुम्ही मित्रांबरोबर रालामंडलच्या टेकडीवर गेलात आणि वरच्या शिकारगाहपासून पैज लावून पळत खाली आलात, हे सोमवारी तुम्हीच आम्हाला हसत सांगितलं, तेव्हा पाय नुसते आखडले होते.

दुखणं तिथलं आहे दादा. उतारावर पळताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखा काम करतो, म्हणजे ताणला जातानाच जोर लावत असतो, आणि सवय नसली की आतल्या बारीक तंतूंना इजा होते, मग सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात. याला वेळ लागतो, म्हणून 24 ते 72 तासांत दुखणं सगळ्यात जास्त असतं. रविवार सकाळ ते मंगळवार सकाळ मोजा. जिना चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखलं ते पण याचमुळे, उतरताना त्याच स्नायूला परत तेच काम पडतं.

लॅक्टिक ॲसिड म्हणजे जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होतं ते, ते तर तास-दीड तासात रक्तातून कमी होऊन जातं, ते मंगळवारपर्यंत बसून राहत नाही. 1983 साली शास्त्रज्ञांनी लोकांना सपाट आणि उतारावर पळवून पाहिलंय, सपाटवर पळणाऱ्यांचं लॅक्टिक वाढलं पण दुखलं नाही, उतारावर पळणाऱ्यांचं वाढलं नाही तरी दुखलं त्यांचंच. कूलडाऊन, म्हणजे शेवटचा हलका व्यायाम, आम्ही रोज करवतो, पण त्याने हे दुखणं टळतं असं खोटं सांगून मी कोणाची फी घेत नाही.

आणि फोनवर ट्रेनरला "तुला काय येतं" म्हणालात ते फार लागलं. मेहनती मुलगा आहे, रीतसर कोर्स करून आलाय, त्या दिवशी जेवला पण नाही नीट.

आता हळूहळू चालत राहा, पाच-सात दिवसांत बरं वाटेल, पुढच्या वेळी तोच उतार इतका दुखणार नाही. फक्त लघवी चहासारखी गडद झाली किंवा पाय खूप सुजले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, घरी थांबू नका.

नव्या लोकांना या सगळ्याची माहिती आधीच देता येईल असं काहीतरी करतोय आम्ही. फी परत नाही जमणार, पण हा आठवडा पुढे जोडून देतो. एकदा येऊन कार्ड बघा, आणि पटलं तर त्या स्टारचं तेवढं बघा.