माहिती मोबाइलवर आहे, मान्य. मग पोरगी घरी का बसली?

गेले दोनतीन आठवडे एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तुम्हाला पण एकदोनदा आला असेलच. थोडक्यात असा: "आता सगळी माहिती मोबाइलवर फुकट आहे. ज्याला शिकायचंय तो खेड्यातून पण येतोच. विद्यापीठांनी गावोगाव फिरणं म्हणजे फोटो काढायचे धंदे. हेल्पडेस्क, मेंटॉर, समुपदेशक हे सगळे लाड, असल्या लाडांनी पोरं लेचीपेची होतात. आणि शेवटी शिकली की गाव सोडून जातातच, मग गावाला काय मिळालं?" खाली हात जोडलेले आणि सहमत असाल तर पुढे पाठवा.

मी विद्यापीठाच्या हेल्पडेस्कवर काम करते, बरीच वर्षं झाली. फोन उचलायचे, फॉर्म बघायचे, कोणी रडायला लागलं तर आधी खुर्ची द्यायची, असलं काम. त्यामुळे हा मेसेज सोडून देणं काही जमलं नाही. एकेक मुद्दा घेते.

पहिला, सगळी माहिती मोबाइलवर आहे.

आहे ना. पण एक फोन सांगते. वर्ग सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, एका मुलीने फोन करून विचारलं की पुढच्या वर्षी माझं नाव लागेल का. मी अर्जाचा नंबर टाकून बघितलं तर बाईंचं अ‍ॅडमिशन झालेलं, यादीत नाव, रोल नंबरसुद्धा पडलेला. म्हटलं अगं मग तू आहेस कुठे? तर म्हणाली, "मॅडम, त्याच्यावर प्रोव्हिजनल लिहिलंय ना." तिने तो शब्द शोधला पण होता, मोबाइलवरच. अर्थ आला तात्पुरता. मग घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलं की तात्पुरतं म्हणजे पक्कं नाही, पक्कं झालं की ते लोक कळवतील. आणि कळवणार कोण, आमच्या लेखी तर ती पक्कीच होती, फक्त मूळ कागद दाखवायचे राहिलेले. म्हणजे मोबाइल होता, नेट होतं, डिक्शनरी पण होती, आणि पोरगी घरी. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की अहो, याचा माझ्यासाठी अर्थ काय होतो, आणि ते विचारायला ओळखीचं कोणी नव्हतं.

हा एक किस्सा झाला, किस्से कोणाकडेही असतात. पण याच्यावर अमेरिकेत चांगला मोठा प्रयोग झालाय, २००८ मध्ये, ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात. एचअँडआर ब्लॉक म्हणून लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देणारी कंपनी आहे, तिच्या ऑफिसात आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे गट पाडले. एका गटाला कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी फॉर्म तिथल्या तिथे भरून दिला, उत्पन्नाची माहिती कम्प्युटरमध्ये होतीच त्यामुळे दहा मिनिटांच्या आत काम. दुसऱ्या गटाला तुम्हाला अंदाजे किती मदत मिळू शकते ते सांगितलं, फॉर्म तुमचा तुम्ही भरा. आता निकाल बघा. ज्यांचा फॉर्म भरून दिला त्या घरांतल्या, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांमध्ये पुढच्या तीन वर्षांत किमान दोन वर्षं कॉलेज केलेल्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. आणि नुसती माहिती मिळालेला गट? काही फरक नाही. परत वाचा हवं तर, काही फरक नाही.

माहितीचा उपयोगच नसतो असं मी म्हणत नाही हां. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आठवीतल्या मुलांना शिकलेल्यांना खरोखर किती पगार मिळतो एवढंच सांगितलं तर ती शाळेत जास्त टिकली. फक्त तिथे पण सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांवर जवळजवळ परिणाम झाला नाही, म्हणजे ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय तीच पोरं सुटली.

दुसरा मुद्दा, ज्याला शिकायचंय तो येतोच.

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं कारण ते खोटं पाडताच येत नाही. जो आला त्याला शिकायचं होतं, जो नाही आला त्याला नव्हतं, झालं! न आलेला आपल्याला दिसतच नाही ना, तो आपल्या ऑफिसात येऊन मी आलो नाही असं सांगत नाही.

अमेरिकेतल्याच मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये काय केलं, राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या घरातली पण चांगले मार्क असलेली मुलं शोधली आणि त्यातल्या काहींना घरी पत्रं पाठवली. पत्रात एवढंच की तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, आमचा शब्द, त्यासाठी उत्पन्नाचे कागद वगैरे भरत बसायची गरज नाही. आईवडलांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना पण वेगळं कळवलं. गंमत म्हणजे जवळपास तेवढी मदत त्यांना आधीही मिळालीच असती, फक्त फॉर्म भरून, वाट बघून, मिळेल का नाही या धाकधुकीत. ज्यांना पत्र गेलं नाही त्यांच्यातल्या २६ टक्के मुलांनी अर्ज केला, पत्र गेलेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल झाले ते अनुक्रमे १२ आणि २७ टक्के. आता सांगा, मार्क सारखे, घरची परिस्थिती सारखी, मग शिकायची इच्छा काय पोस्टमनने आणून दिली?

कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी या दोघा अभ्यासकांनी २०१३ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं. हुशार पण गरीब घरातली बहुतेक मुलं नामांकित कॉलेजांना अर्जच करत नाहीत, आणि ही मुलं सापडतात कुठे तर छोट्या वस्त्यांमध्ये, जिथे त्या शाळेत त्यांच्यासारखं हुशार दुसरं क्वचितच कोणी असतं आणि नामांकित कॉलेजात शिकून आलेला शिक्षकही भेटत नाही. विद्यापीठाची माणसं जातात मोठ्या शाळांत, कारण एका फेरीत दोनशे पोरं भेटतात. एकट्या पोरासाठी आडवळणाला कोण जाणार.

तिसरा, फोटोंचे धंदे.

इथे मी अर्धी सहमत आहे, उगाच का खोटं बोलू. असले कार्यक्रम मी स्वतः बघितलेत आणि एकदोन ठिकाणी बॅनर धरून उभी पण राहिलेय. गाडी जाते, प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलतात, पोरं उन्हात बसलेली, गुळगुळीत कागदाचं पुस्तक वाटलं जातं ज्यात पहिल्या पानावर कुलगुरूंचा संदेश आणि तिसऱ्या पानावर संशोधनाची संस्कृती. आणि मागे उभी असलेली एक आई हळूच विचारते की हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, पोरगी रात्री आजारी पडली तर नेणार कोण. ते त्या पुस्तकात कुठेच नसतं! एका वडलांनी मला विचारलं होतं की नापास झाला तर भरलेली फी परत मागतात का. म्हणजे माणूस मुलाला पाठवायचं का नाही ते असल्या प्रश्नांवर ठरवतोय आणि आम्ही त्याला नॅकचा, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचा, ग्रेड सांगतोय.

तर फोटोवाला कार्यक्रम बंद करा, माझी ना नाही. पण त्यावरून गावात जाऊच नका हे कुठून निघालं? जायचं तर संध्याकाळी, कामावरून लोक परत आल्यावर, सोबत त्याच भागातला दुसऱ्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि परत येताना एक असा फोन नंबर देऊन यायचं जो नंतर पण उचलला जातो. नंतर पण हे महत्त्वाचं आहे कारण प्रवेश घेतला म्हणजे पोरगं वर्गात येऊन बसलं असं होत नाही. अमेरिकेत कॉलेजला जायचं ठरवलेली साधारण १० ते २० टक्के मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीतच गळतात, गरीब घरांत जास्त. माझी प्रोव्हिजनलवाली त्यातलीच.

आणि सगळ्यांना एकगठ्ठा एसएमएस पाठवून हे सुटतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: तिथे आठ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना आर्थिक मदतीचा फॉर्म भरा म्हणून मेसेज आणि पत्रं पाठवून बघितली, शून्य परिणाम. उलट जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये चॅटबॉट लावला, तो ज्याचं जे काम राहिलंय तेच त्याला सांगायचा, तुझा अमुक कागद आला नाही, आणि उत्तर येत नसेल तर प्रश्न माणसाकडे जायचा. तिथे सुट्टीतली गळती २१ टक्क्यांनी कमी झाली. दोन्हीकडे मोबाइलच होता बरं का.

चौथा, लाड.

शहरातल्या शिकलेल्या घरातल्या पोराला ऑप्शनल विषय कोणता घ्यायचा हे मामा सांगतो, फॉर्म ताई भरते, पहिल्या सेमिस्टरला बॅकलॉग राहिला तर बाबा म्हणतात अरे माझे पण दोन राहिले होते. त्याला कोणी लाड म्हणत नाही, घर म्हणतात. ज्याच्या घरात कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस तोच आहे त्याला तीच गोष्ट एका टेबलामागे बसलेल्या बाईने सांगितली की लगेच लाड.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. प्रवासाचा पास, पुस्तकांना मदत, आणि मुख्य म्हणजे एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी, नेहमीच्या सल्लागाराकडे असायचे ६०० च्या वर. पण बदल्यात अट कडक, पूर्णवेळ शिकायचं, सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचंच, नाही भेटलास तर विचारणा. कच्च्या विषयांचे जादा वर्ग लागणाऱ्या मुलांवर याचा अभ्यास झाला, तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्के झाले. लेचीपेची झाली असती तर अर्ध्यात सोडून गेली असती ना?

आणि हे काही परदेशी खूळ नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृह काढलं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये. शाळा होत्या, पण गावाकडचं पोर राहणार कुठे, खाणार काय आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार हे प्रश्न सुटल्याशिवाय त्या शाळेचा त्याला उपयोग नव्हता. त्यालाच आज आपण स्टुडंट सपोर्ट म्हणतो.

राहिला शेवटचा, शिकली की गाव सोडतात.

सोडतात, बरीच सोडतात, आणि सोडायचा त्यांना हक्क आहे. पण गावात परत कोण जातं हे बघितलं तर तिथे गावाकडचीच पोरं पुढे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागात डॉक्टर-नर्स टिकत नाहीत यावर शिफारशी केल्या त्यात पहिल्या काही शिफारशींमध्येच होतं की ग्रामीण भागातल्या मुलांना ठरवून प्रवेश द्या. जपानमध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी १९७२ मध्ये याच कामासाठी काढली, प्रत्येक प्रांतातून मोजकी मुलं घेतात आणि पुढे नऊ वर्षं आपल्या प्रांतात सेवा केली की फी माफ.

आणि गाव न सोडता शिकायची सोय पण करता येते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा या छोट्या गावात २०१३ मध्ये एक केंद्र सुरू झालं, विद्यार्थी शिकतो लांबच्या विद्यापीठात, ऑनलाइन, पण अभ्यासाला टेबल, चांगलं नेट, परीक्षेची सोय सगळं गावातच, आता त्या देशात अशी बरीच केंद्रं आहेत. आणि हो, तिथे पण मदतीला पगारी माणूस बसवलेला असतो, वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवून कुलूप लावून जात नाहीत.