क्रूझ कार्डाच्या ‘फुकट सफरी’चा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: क्रूझ कंपनीच्या नावाचे क्रेडिट कार्ड घ्या आणि घरचा सगळा खर्च त्यावर टाका, म्हणजे दुप्पट पॉइंट मिळून दोन वर्षांत सात रात्रींची सफर फुकट होईल. वार्षिक शुल्क नसल्यामुळे तोटा होण्याचा प्रश्नच नाही. हाताशी पैसे नसतील तर सफरीचे पैसे कार्डावर भरा आणि दरमहा किमान रक्कम भरत राहा, पॉइंट जमतच राहतात. ते ऑनबोर्ड क्रेडिटमध्ये, म्हणजे जहाजावर खर्च करायच्या जमा रकमेत, वळवा, कारण ते रोख पैशासारखेच असते. पॉइंट कधी बाद होत नाहीत. शिवाय कार्डाबरोबर विमा येतो, तेव्हा वेगळा विमा काढू नका.

हा संदेश माझ्या जाऊबाईंनी मला पाठवला आणि सोबत लिहिले, “तू एकदा बघून घे, पण यांनी अर्ज भरलाच आहे.” माझे मोठे दीर आणि जाऊबाई दोघेही निवृत्त आहेत आणि सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या अलास्काच्या सफरीची तयारी करत आहेत. ज्यांचे उत्पन्न आता ठरावीक आहे अशा माणसांपर्यंत हा सल्ला पोहोचतो आणि ते तो खरा मानून अर्ज भरतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात ‘दुप्पट पॉइंट’पासून करू. दुप्पट हा शब्द खरा आहे, पण तो कशाच्या दुप्पट आणि कोणत्या खर्चावर, हे संदेशात कुठेही सांगितलेले नाही. बार्कलेज बँकेच्या कार्निव्हल कार्डाची बरीच वर्षे चालत आलेली रचना पाहा: कार्निव्हल आणि तिच्या भगिनी कंपन्यांवरील खर्चाला डॉलरमागे २ पॉइंट, बाकी सगळ्या खर्चाला १ पॉइंट, आणि ५,००० पॉइंट म्हणजे ५० डॉलर. बँक ऑफ अमेरिकेच्या रॉयल कॅरिबियन कार्डाची मूळ रचनाही जवळपास अशीच होती. म्हणजे पॉइंटची किंमत १ सेंट. सफरीच्या पैशांवर २ टक्के परत येतात, तर किराणा, पेट्रोल, वीजबिल आणि औषधे यांवर फक्त १ टक्का. आता सिटी डबल कॅश किंवा वेल्स फार्गो अ‍ॅक्टिव्ह कॅश यांसारखी वार्षिक शुल्क नसलेली साधी कार्डे घ्या. ती सगळ्याच खर्चावर २ टक्के देतात, आणि तेही रोख. क्रूझ कार्ड ज्या खर्चासाठी बनवले आहे त्या खर्चावर ते या साध्या कार्डाची जेमतेम बरोबरी करते आणि बाकी सगळीकडे निम्म्यावर राहते. काही कार्डे, विशेषतः वार्षिक शुल्क घेणारी, स्वतःच्या कंपनीवरील खर्चाला ३ किंवा त्याहून अधिक पॉइंट देतात हे मान्य आहे. पण जे वर्षातून एखादीच सफर करतात त्यांच्या एकूण खर्चात तो भाग इतका लहान असतो की उरलेल्या खर्चावरचे नुकसान त्यातून भरून निघत नाही.

‘दोन वर्षांत फुकट’ हे विधान तर साध्या गुणाकारातच कोसळते. एखादे कुटुंब दरमहा २,५०० डॉलर कार्डावर खर्च करते असे धरू. दोन वर्षांत ६०,००० डॉलर खर्च होतात, ६०,००० पॉइंट जमतात आणि त्यांची किंमत होते ६०० डॉलर. दोघांची सात रात्रींची बाल्कनी केबिन ३,००० डॉलरची धरली, तर तेवढे पॉइंट जमायला याच गतीने १० वर्षे लागतील. तोच खर्च २ टक्क्यांच्या कार्डावर केला तर दोन वर्षांत १,२०० डॉलर रोख हातात येतात. ते सफरीला वापरता येतात, गाडीच्या दुरुस्तीला वापरता येतात किंवा बँकेत ठेवता येतात. क्रूझ पॉइंटची पूर्ण किंमत मात्र बहुधा त्याच कंपनीच्या जहाजावर गेले तरच मिळते.

एक अर्धसत्य येथे मान्य केले पाहिजे. नवीन कार्ड घेताना मिळणारा बोनस खरा असतो. पहिल्या काही महिन्यांत ठरावीक खर्च केला तर ३०,००० पॉइंट, म्हणजे ३०० डॉलर, अशा स्वरूपाच्या योजना या कार्डांवर येत आल्या आहेत. जो माणूस दरमहा पूर्ण बिल भरतो, ज्याची सफर आधीच ठरलेली आहे आणि जो तेवढा खर्च एरवीही करणारच होता, त्याने त्या बोनसपुरते कार्ड घेतले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र मोठी रोकड बोनस देणारी साधी कार्डेही आहेत, तेव्हा तुलना तिथेही करावी लागते. आणखी एक बाब या संदेशातून गळली आहे. बुकिंग एजन्सीमार्फत केले आणि कार्डावर पैसे क्रूझ कंपनीऐवजी एजन्सीने आकारले, तर तो खर्च क्रूझचा धरला जाईलच असे नाही आणि दुप्पट पॉइंट हुकू शकतात.

आता त्या वाक्याकडे येते ज्यामुळे मला सर्वाधिक संताप आला: “किमान रक्कम भरत राहा, पॉइंट तर जमतातच.” हा सल्ला केवळ चुकीचा नाही, तो घराला कर्जात लोटणारा आहे. फेडरल रिझर्व्हच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये क्रेडिट कार्डांवरील व्याजाचा सरासरी दर २१ टक्क्यांच्या आसपास होता. ३,००० डॉलरची सफर कार्डावर भरली तर दुप्पट दराने ६,००० पॉइंट, म्हणजे ६० डॉलर मिळतात. २१ टक्क्यांनी त्याच ३,००० डॉलरवर पहिल्याच महिन्यात सुमारे ५२ डॉलर व्याज लागते. सगळ्या पॉइंटची किंमत जवळजवळ एका महिन्यात संपली, आणि कर्ज होते तिथेच आहे.

पुढचे गणित आणखी वाईट आहे. किमान रक्कम अनेक बँकांत शिलकीच्या, म्हणजे कार्डावर भरायच्या राहिलेल्या रकमेच्या, १ टक्का अधिक व्याज अशा पद्धतीने ठरते. म्हणजे पहिल्या महिन्यात ८० डॉलरच्या आसपास भरले तरी मूळ कर्जातून केवळ ३० डॉलर कमी होतात, आणि शिलक घटत जाते तशी किमान रक्कमही घटत असल्यामुळे हे कर्ज वर्षानुवर्षे रेंगाळते. किमान रकमेचा नाद सोडून कोणी हे ३,००० डॉलर तीन वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे ठरवले, तरी दरमहा सुमारे ११३ डॉलर भरावे लागतील आणि एकूण व्याज १,०७० डॉलरच्या घरात जाईल. साठ डॉलरच्या पॉइंटसाठी हजारांवर डॉलर व्याज भरणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ही माहिती गुप्तही नाही. २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्यामुळे प्रत्येक मासिक स्टेटमेंटवर एक चौकट छापणे बँकांना बंधनकारक झाले आहे. फक्त किमान रक्कम भरली तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, आणि तीन वर्षांत फेडायचे असेल तर दरमहा किती भरावे लागेल, हे दोन्ही आकडे तिथे असतात. आपल्या हातात जे स्टेटमेंट येईल त्यातली ही चौकट आधी शोधावी.

याच सल्ल्यातला आणखी एक धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बिल पूर्ण भरणाऱ्याला नव्या खरेदीवर देय तारखेपर्यंत व्याज लागत नाही. पण मागची शिलक ठेवली की सर्वसाधारणपणे ही सवलत जाते आणि नवी खरेदी पहिल्या दिवसापासून व्याजाखाली येते. संदेशाच्या सांगण्यावरून घरचा सगळा खर्च याच कार्डावर टाकलेला असेल, तर केवळ सफरीवर नव्हे, आज आणलेल्या दुधावर आणि भाजीवरही व्याज सुरू होते. ग्राहकांच्या आर्थिक हितासाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी संस्थेने मे २०२४ मध्ये क्रेडिट कार्डांच्या रिवॉर्ड योजनांवर अहवाल प्रसिद्ध केला. जे ग्राहक शिलक पुढे ओढतात ते रिवॉर्डमधून मिळवतात त्यापेक्षा पुष्कळ अधिक व्याज आणि शुल्कांत भरतात, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. ज्यांना माझे आकडे पटत नसतील त्यांनी तो अहवाल वाचावा. ‘वार्षिक शुल्क नाही म्हणजे तोटा नाही’ या मुद्द्यालाही हेच उत्तर पुरे आहे.

ऑनबोर्ड क्रेडिट रोख पैशासारखे असते, हा दावाही टिकत नाही. ते जहाजावरच्या खात्यात जमा होते, बहुधा कॅसिनोत चालत नाही, आणि परत न मिळणाऱ्या प्रकारातले असेल तर शेवटच्या रात्री उरलेली रक्कम बुडते. ती बुडू नये म्हणून लोक अखेरच्या संध्याकाळी जहाजावरच्या दुकानात गरज नसलेले घड्याळ किंवा दागिना घेतात आणि वरचे पैसे खिशातून घालतात. शिवाय पेयांची पॅकेजे आणि किनाऱ्यावरच्या सहली निघण्यापूर्वी घेतल्या तर अनेकदा स्वस्त पडतात, आणि जहाजावर चढल्यावर जमा होणारे क्रेडिट त्या वेळी हाताशी नसते. कंपनीचे चिन्ह असलेल्या वस्तू किंवा केबिन बदलून घेण्याच्या योजना यांत पॉइंट घालणे तर मी टाळेनच, कारण अटी अधिक असतात आणि पॉइंटला पूर्ण १ सेंटसुद्धा मिळेल याची खात्री नसते.

पॉइंट आधीच जमलेले असतील तर त्यांचा चांगला उपयोग मात्र आहे, आणि तो संदेश लिहिणाऱ्याला सुचलेला नाही. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या प्रत्येक प्रवाशाच्या खात्यातून रोजची टिप आपोआप वळती करतात. साध्या केबिनसाठी ती माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास असते. १८ डॉलर धरले तर दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर होतात. हा खर्च चुकत नाही. तो आधी भरून टाकण्याऐवजी जहाजावरच्या खात्यात रोज लागू द्यावा आणि ऑनबोर्ड क्रेडिटमधून वळता होऊ द्यावा. मग २५,००० पॉइंट पूर्ण किमतीने वापरले जातात आणि उरलेल्या रकमेसाठी दुकानात फिरावे लागत नाही. भाड्यातच थेट सवलत मिळत असेल तर तीही तितकीच चांगली. मात्र पॉइंट वळवण्याची विनंती निघण्याच्या पुरेशी आधी करावी लागते, तेव्हा बंदरावर पोहोचून फोन करण्याच्या भरवशावर राहू नये.

पॉइंट बाद न होण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मुदत नसली तरी खाते बंद झाले, बँक बदलली किंवा कंपनीने पॉइंटची किंमत घटवली तर जमवलेली रक्कम हातची जाऊ शकते. वर उल्लेखलेल्या अहवालात नेमक्या अशाच तक्रारी आहेत: दडवलेल्या अटी, घटवलेली किंमत, वळवताना येणाऱ्या अडचणी आणि काढून घेतलेले पॉइंट. २०२३ मध्ये त्या संस्थेकडे रिवॉर्डविषयी १,२०० हून अधिक तक्रारी आल्या, आणि करोनापूर्व काळाच्या तुलनेत ही वाढ ७० टक्क्यांहून अधिक होती. पॉइंटवर व्याज मिळत नाही, म्हणून ते साठवण्यात कोणताही लाभ नाही.

राहिला विमा. कार्डांबरोबर प्रवास विमा येतो हे काही कार्डांच्या बाबतीत खरे आहे. चेस सफायर प्रिफर्डसारखे वार्षिक शुल्क असलेले कार्ड सफर ठरावीक कारणांनी रद्द झाल्यास माणशी १०,००० डॉलरपर्यंत भरपाई देते. पण शुल्क नसलेल्या क्रूझ कार्डावर असे संरक्षण गृहीत धरणे धोक्याचे आहे, आणि सफर रद्द होण्याचा विमा म्हणजे आजारपणाचा विमा नव्हे. ज्येष्ठांसाठी खरा प्रश्न हा दुसराच आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, साधारणपणे अमेरिकेबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही. जहाजावरच्या उपचारांनाही ती तेव्हाच लागू होते, जेव्हा जहाज अमेरिकी बंदरात असते किंवा तिथून सहा तासांपेक्षा अधिक अंतरावर गेलेले नसते. मेडिगॅपच्या, म्हणजे मेडिकेअरला जोड म्हणून घेतल्या जाणाऱ्या खाजगी विम्याच्या, जी आणि एन यांसारख्या काही योजना परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च उचलतात, पण आधी २५० डॉलर स्वतः भरावे लागतात आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर आहे. भर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो. म्हणून वेगळा प्रवास विमा घ्यावा, आणि त्यात उपचार व रुग्णाला हलवण्याचा खर्च दोन्ही आहेत का हे वाचून घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब यांसारखे आधीचे आजार त्यात सामावून घ्यायचे असतील, तर अनेक कंपन्या सफरीची पहिली रक्कम भरल्यापासून १४ ते २१ दिवसांच्या आत विमा काढण्याची अट घालतात. कार्डाच्या मंजुरीची वाट पाहत बसल्यास ही मुदत निघून जाते, तेव्हा अनामत रक्कम भरली त्याच आठवड्यात विम्याचा अर्ज करावा.