दारात मोटरसायकल असलेला गरीब

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. दारिद्र्यरेषा फारच खाली आखली आहे, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हल्ली झोपडीतही स्मार्टफोन असतो, दारात मोटरसायकल असते, मग गरीब उरलेत कुठे? फुकट धान्याने माणसं आळशी झालीत, आणि तेही 'आमच्या कराच्या पैशावर'. शिवाय मी रेषेला नावं ठेवतो, पण स्वतःची व्याख्या काही देत नाही.

मोटरसायकलचा मुद्दा सरकारलाही सुचला होता. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेत ग्रामीण भागात दुचाकी, फ्रिज किंवा लँडलाइन फोन यांतलं एक जरी घरात सापडलं, तरी ते कुटुंब वंचितांच्या यादीतून आपोआप बाद होत होतं. (लँडलाइन! आज श्रीमंतांच्या घरातही शोधावा लागेल.) ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, तिथला गवंडी कामावर पोचणार कसा? हप्त्यावर घेतलेली जुनी गाडी विकली तर नाव यादीत येईल, पण रोजगार बुडेल.

आता रेषा. पुण्याच्या गोखले संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये गरिबीचा हिशोब मांडला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. 2011-12 साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने माणशी महिना 816 रुपये खेड्यात आणि 1,000 शहरात अशी रेषा निघाली आणि देशात सुमारे 27 कोटी गरीब भरले. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी 972 आणि 1,407 धरले, तर 36 कोटी. माणसं तीच, वर्ष तेच. पण खरं सांगू? गरिबी वाढली की घटली एवढंच बघायचं असेल, तर दर वेळी एकच पट्टी लावा, कुठलीही चालेल. माझं भांडण पट्टीशी नाही. ती पट्टी दाराला अडसर म्हणून लावतात, त्याच्याशी आहे.

आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आहेत, विधवा. चार घरं, प्रत्येकी आठशे रुपये. वर्षाचे झाले 38,400. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे 21,000. म्हणजे दीड हजारांची पेन्शन हवी तर मावशींनी दोन घरं सोडावीत, किंवा दाखल्यावर खोटा आकडा यावा. काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तलाठ्यालाही ठाऊक आहे. आणि त्याच सरकारच्या लाडकी बहीण योजनेत तेवढेच दीड हजार द्यायला अडीच लाखांची मर्यादा चालते! निराधार बाईची झडती अधिक कडक, हे कुठलं गणित?

आळसाबद्दल थोडंच. प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, दिवसाला साधारण 165 ग्रॅम. तेल, डाळ, भाडं, औषधं बाकीच. एवढ्यावर घरी बसून राहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझी व्याख्या मागितलीत, ती अशी: एक आजारपण किंवा एक बुडालेला हंगाम आला की ज्या घराला शेळी, मंगळसूत्र किंवा पोरीची शाळा यांतलं काहीतरी मोडावं लागतं, ते घर गरीब. ही कुठल्याही तक्त्यात भरता येणार नाही, कबूल. म्हणूनच म्हणतो, गरीब कोण हे सरकारने शोधत बसूच नये. दार असं ठेवावं की गरजवंत आपण होऊन येईल.

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्राने करून दाखवलंय. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेची (रोहयो), म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या योजनेची, कामं पसरली, वि. स. पागे यांनी त्या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि पुढे 1977 मध्ये कायदा झाला. खडी फोडायला किंवा पाझर तलावावर माती उचलायला येणाऱ्याला कुणी पिवळं कार्ड विचारलं नाही. ज्याचं घरी भागतंय तो भर उन्हात घमेलं उचलायला येतच नाही, चाळण तिथेच लागते. खोटी हजेरीपत्रकं निघाली, अर्धवट बंधारे राहिले, हेही खरं. पण मस्टरवरची चोरी पकडता येते, यादीतून वगळलेली म्हातारी कुणाच्या हिशोबातच येत नाही.

आणि म्हातारीला तर घमेलं उचलता येणार नाही. तिच्यासाठी वयाचा पुरावा पुरे समजावा, उत्पन्नाची अट काढून टाकावी, असं माझं मत आहे. बंगल्यातल्या काही आजोबांनाही पैसे जातील. जाऊ देत.

पैसा कुठून येणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. तुम्ही नोकरदार आहात असं लिहिलंय, तर पगाराची स्लिप काढून बघा. महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? तो 1975 मध्ये या रोहयोसाठीच लागू झाला. तो वाढवायला माझी तयारी आहे. तुमची नसेल तर का नाही, तेवढं मात्र लिहा.