पंचवीस हजार कुणी भरायचे, ते आधी वाचा

परवा गच्चीवर कुरडया घालत होतो. सासूबाईंच्या हातात सोऱ्या, लेक कडेला बसून वाटीतला गरम चीक चाटत होती. मध्येच तिने विचारलं, “आई, मी शाळेत नाही गेले तर तुला पोलीस नेणार?” सासूबाई एकदम खाली बघायला लागल्या. आदल्या रात्री त्यांनीच तो मेसेज मामंजींना मोठ्याने वाचून दाखवला होता.

जूनपासून लेकीला घरीच शिकवणार, हे आम्ही सांगितल्यापासून एकच मेसेज तीन नातेवाइकांकडून आलाय. ‘सावधान पालकहो!’ अशी सुरुवात. म्हणे, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे होमस्कूलिंग हा गुन्हा. आईवडिलांना तीन महिने कैद आणि पंचवीस हजार दंड. अशा मुलाला पुढे कुठलीच शाळा घेत नाही, दहावीला बसता येत नाही, मूल माणूसघाणं होतं. आणि शेवटचा टोला: ‘नोकरी न करणाऱ्या आयांचं हे रील्स बघून सुचलेलं फॅड.’

कैदेचं आधी, कारण त्यापायी घरात दोन जणी झोपल्या नाहीत. कायदा फार मोठा नाही, एका दुपारी वाचून होतो. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. कलम १० म्हणतं, पाल्याला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. आहे, नाही कशाला म्हणू? मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच, आणि ते मला अडचणीचंच आहे. ‘होमस्कूलिंगला कायद्याने पूर्ण मुभा आहे’ असं छातीठोक सांगणारे आमच्यातले लोक हे कलम सोयीने विसरतात. पण ते कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला काय शिक्षा, यावर हा कायदा अवाक्षर काढत नाही. कैद तर त्यात कुणालाच नाही.

मग पंचवीस हजार आले कुठून? कलम १३ मधून. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची चाचणी, मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत, पुढे दर वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. शाळेला! विनामान्यता शाळा चालवली तर कलम १८ प्रमाणे एक लाखापर्यंत, तोही चालवणाऱ्याला. आणि ते तीन महिने? कलम ३२ आहे तक्रारीचं. मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार आली, तर स्थानिक प्राधिकरणाने ती तीन महिन्यांत निकाली काढायची. आमच्यासारख्यांची तक्रार ऐकायला दिलेली मुदत, मेसेजवाल्याने तिची कैद करून टाकली.

हे वाचताना मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. गेल्या हिवाळ्यात पहिलीच्या प्रवेशासाठी एका शाळेत आम्हा दोघांना खुर्च्यांवर बसवून बाईंनी विचारलं होतं, “आई घरीच असते? मग इंग्लिशचं काय?” लेकीला पेरूचं चित्र दाखवलं. ती खुशीत “पेरू!” म्हणाली आणि बाईंनी समोरच्या कागदावर फुली मारली. कायदा कुठे मोडला असेल तर त्या टेबलावर.

पुढे शाळेत घेत नाहीत, हे तर सरळ खोटं. कलम ४ प्रमाणे सहा वर्षांपुढचं मूल शाळेत गेलेलंच नसेल, तरी त्याला वयाप्रमाणे इयत्ता द्यायची असते आणि मागे पडलं असेल तर त्याची वेगळी तयारीही करून घ्यायची असते.

दहावीचं म्हणाल, तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कुणाला माहीत नाही? प्रत्येक गल्लीत सतरा नंबरने दहावी झालेले एक काका असतातच. मात्र त्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सोपी पडते. तिथे चौदा पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं.

माणूसघाणेपणाचा मुद्दा मी उडवून लावणार होते. पण खरं सांगते, आमच्या सोसायटीत संध्याकाळी पाचला खाली उतरलं तर एक मूल दिसत नाही. कुणी अबॅकसला, कुणी ट्यूशनला. लेक उडीची दोरी घेऊन वॉचमनकाकांसमोर एकटीच उड्या मारते आणि आकडे त्यांच्याकडून मोजून घेते. सोबत कुठून आणायची, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. फक्त, ही बाकीची मुलं शाळेतच जातात आणि तीही तिला खेळायला मिळत नाहीत, एवढं लक्षात घ्या.

राहिलं नोकरी न करणाऱ्या आयांचं. रील बघायला दुपारी दहा मिनिटं मिळाली, तर ती मी झोपेत घालवते.

संध्याकाळी वाळलेल्या कुरडया उलटताना सासूबाईंना कलम १३ वाचून दाखवलं, दोनदा. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला, मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. म्हणाल्या, “अगं, मग त्या पेरूवाल्या बाईंची तक्रार कुठे द्यायची असते?”