इस्पितळात बाळंतपण झाले, एवढे पुरते का?

गोव्यातली जवळजवळ सगळी बाळंतपणे इस्पितळात होतात, तेव्हा मातामृत्यू हा परराज्यांचा प्रश्न आहे आणि इथे एखादी बाळंतीण दगावलीच तर ते तिचे नशीब, अशा अर्थाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातले पहिले विधान खरे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. पुढचे मात्र टिकत नाही.

प्रश्न परराज्यांचा, हे कशावरून? जन्म-मृत्यूंचा अंदाज घेणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत (एसआरएस) मातामृत्यूचे प्रमाण मोठ्या राज्यांपुरतेच वेगळे छापले जाते आणि गोवा ‘इतर राज्यां’च्या रकान्यात मिसळतो. शिवाय बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत गरोदरपणाशी निगडित कारणाने झालेला मृत्यूही मातामृत्यूच असतो, आणि तोवर बाळंतीण इस्पितळातून केव्हाच माहेरी गेलेली असते.

नशिबाचा मुद्दा अधिक घातक आहे. माझ्या आतेबहिणीच्या बाळंतपणात रक्ताने भिजलेली कापडे एकामागून एक बादलीत पडत होती आणि ‘एवढे जातेच’ असे सांगितले जात होते. मोजत कोणीच नव्हते. (ती वाचली, पण रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या.) नजरेचा अंदाज बहुधा कमीच निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजले गेले आणि धोका दिसताच गर्भाशयाचे मालिश, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव थांबवणारे औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून धरणारे औषध), सलाइन व तपासणी हे सारे उपचार एकत्रच सुरू झाले. तेव्हा अतिगंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा त्याने मृत्यू येणे, या साऱ्यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

‘सिझर केले की धोका टळला’, असेही त्याच मजकुरात आहे. गरज असेल तेव्हा सिझर जीव वाचवते. गरज नसताना केले, तर पुढच्या खेपेला जुन्या व्रणात वार (गर्भाला पोसणारी प्लॅसेंटा) रुतण्याची भीती मात्र वाढते.

राहिले औषध. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, नाहीतर त्याचा गुण उतरतो. तेव्हा सत्तरी-सांगे अशा गोव्यातल्या तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत पावसाळ्यात वीज गेली की त्या फ्रीजचे काय होते, हे नशिबाला दोष देण्याआधी विचारावे.