बायपास, बळ्ळारी नाला आणि सुन्याचा प्लॉट

काल परत बेळगावच्या हलगा-मच्छे बायपासवरनं पेटलं. नाथ पै सर्कलजवळच्या टपरीवर आम्ही नेहमीचेच, त्यात सुन्यानं मोबाईल काढून त्याचा नकाशा झूम करून दाखवायला सुरुवात केली, हा बघ रोड, ह्या बाजूला शोरूम, त्या बाजूला लेआउट. सुन्या आमचा एजंट, शिवारात बगळा बसला तरी ह्याला तिथं कॉर्नर प्लॉट दिसतो.

"बेळगाव वाढूलाय बे, तुम्ही शेतकरी लोक विकासाला आडवं येताय," सुन्या.

परशा वडगावचा, अजून शेती करणारा. "वाढूदे की. पण झिरो पॉइंट, म्हणजे बायपास जिथनं सुरू व्हायचा ती जागा, फिश मार्केटात आणि तुझा बायपास सुरू हलग्याला, हे कसं काय गा? हेच कोर्टात विचारलं तर २०२१ ला पोलीस घेऊन उभ्या पिकात जेसीबी घातले. बासमतीची जमीन आहे मर्दा ती. मुरमाड माळ दिसला नाही त्यांना?"

"भरपाई मिळते की!"

"मिळाली. माझा चुलतभाऊ बुलेट घेतला. आता भात काय बुलेटवर पेरायचं?"

सुन्या गप्प बसणारा नव्हे. स्मार्ट सिटी काढली, २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव, वगैरे. मग नाना बोलले (उद्यमबागेतल्या फौंड्रीतनं रिटायर झालेत, बोलतात कमी). "शहापुरातनं जुन्या पीबी (पुणे-बेंगळूर) रोडला जोडणारा रस्ता केलास की, जागा ताब्यात न घेताच. मग कोर्टानं २० कोटी भरा म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बघायला हवी होतीस."

"मी कुठं केलो वो?" सुन्या असा ओरडला की जणू महापालिका त्याच्याच घरात भरते.

आता माझं मत. बळ्ळारी नाला साफ केल्याशिवाय त्या शिवारात भराव टाकणं म्हणजे पाणी अडवायला बांध घालणं आहे. येळ्ळूर, अनगोळ, वडगावकडचं सगळं पाणी त्या नाल्यानं जाणार, त्यात गाळ आणि जलपर्णी, जोराचा पाऊस झाला की भातशेती बुडणारच. परशाचे लोक किती वर्षं ओरडूलेत, आधी नाला मग बायपास. पण नाला खणून प्लॉटचा रेट वाढत नाही, भराव घातला की वाढतो, एवढंच गणित आहे. आणि डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आलं की ते भरतं त्या सुवर्णसौधकडचे खड्डे मात्र बरोबर बुजतात.

मंज्या बेंगळूरहून सुट्टीला आलेला, तो म्हणाला, "आमच्याकडं तळ्यांवर लेआउट केले, २०२२ च्या पावसात आयटीवाले ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले."

"ट्रॅक्टर तरी शेतकऱ्याचाच होता न्हवं?" परशा.

ह्यावर सुन्यानं परशाची पाच वर्षांपूर्वीची गणपतीची वर्गणी काढली, परशानं सुन्याच्या मेव्हण्याचा बॉण्डवर (रजिस्टर न करता, नुसत्या स्टॅम्प पेपरवर) घेतलेला प्लॉट काढला, बायपास राहिला बाजूला. तेवढ्यात मंज्याचा चेहरा उतरला.

"सुन्या, माझे ते दोन गुंठे नक्की कुठं आहेत रे?"

"नाल्यापासनं लांब आहेत बे."

"होय की," परशा म्हणाला, "उन्हाळ्यात."

नानांना ठसका लागला, टपरीवाला पण हसायला लागला. चहाचे पैसे शेवटी मंज्यानंच दिले. सुन्या म्हणतो, माझ्या वाट्याचे बॉण्डवर लिहून देतो.